संतोषची रेघ

१

सेनगावाकडून गोरेगावाला येताना माळाच्या उतारावर एक तांडा होता. त्या तांड्यात हरिचंद नावाचा माणूस राहायचा. त्याची बायको द्वारका. थोरला लेक वसराम दुसऱ्याची जीप चालवायचा. सून मिराबाई, ती बोलण्यात कोणाला हार जायची न्हाई. नातू कुलदीप बारावी शिकलेला. अन् एक धाकटा लेक होता, संतोष. तो घरात नव्हता.

ती द्वारका म्हंजे मीच. शाळेची पायरी मी चढले न्हाई, पण जे डोळ्यानं पाहिलं ते माझ्या ध्यानातून जात न्हाई. आधी ऐकून घ्या, मंग काय म्हणायचं ते म्हणा.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, त्या साली संतोष उसाच्या टोळीत गेला. लहानपणापासून त्याला हिवताप. आज थंडी वाजून ताप चढायचा, उद्या पोरगं मोकळं, परवा परत गोधडीत. दिवस कलला की दात वाजायला लागायचे, मंग अंगाची भट्टी, मंग घाम. मोठा झाला तरी ते काही सुटलं न्हाई. टोळी परत आली तवा तो तिच्यात नव्हता. मुकादम म्हणला, "तापानं फडाच्या बांधावर निजला होता. जाऊन पाहिलं तर गोधडी होती, तो न्हाई."

आमच्यात दिवाळीला चुलीतले निखारे पुढं ओढतात, त्यावर तूप-लापशीचा भोग देतात, अन् घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. निखारा भडकला की भोग पावला म्हणायचं. हरिचंद त्याच्या बापाचं, आज्याचं, चुलत्यांचं नाव घ्यायचा. वाट पाहून पाहून एका दिवाळीला त्यानं सगळ्यात शेवटी संतोषचं नाव घेतलं.

मी म्हणलं, "मेला म्हणून कोण आलं सांगाया?"

तो म्हणला, "मेला नसंल तर घासभर लापशी वाया जाईल. मेला असंल अन् दिला न्हाई, तर लेकरू उपाशी राहील."

बोलणं बराबर वाटत होतं. पण त्या नावाला निखारा असा भडकला की बापाच्या नावाला, आज्याच्या नावाला कधी भडकला नव्हता. दर साली तसंच. मी मनात म्हणायची, एवढी भूक कोणाची असंल?

२

कुलदीपला गोरेगावात नोकरी लागली. नांदेडकडची एक कंपनी गावोगाव कॉम्प्युटर बसवून राहिली होती, लोकांना सातबारा निघावा, बाजारभाव दिसावा म्हणून. बी-बियाण्याच्या दुकानावर एक खोली होती, तितं हा बसायचा. हिंडायचं न्हाई, उचलायचं न्हाई. नुसतं पाहायचं.

मिराबाई म्हणायची, "पाहायचा पगार देतेत म्हणं. मंग मला काहून देत न्हाईत? मी रोज सगळ्या तांड्याकडं पाहते."

बाजाराच्या दिवशी मी गोरेगावाला जायची, अन् भाकर घेऊन त्याच्या खोलीत चढायची. खोलीत दवाच्या फवाऱ्याचा वास खालून वर यायचा. पंखा करकर करायचा. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर काळी पेटी, पेटीला लुकलुकणारे हिरवे दिवे. अन् टेबलावर पडदा.

पडद्यावर एक पान होतं. त्या पानावर गावोगावची एकेक मशीन होती, म्हंजे तिचं नाव अन् नावाखाली रेघांची चित्रं. वरचं चित्र आजचं, त्याखाली आठवड्याचं, महिन्याचं, मंग वर्षाचं. मशीन किती राबली ते हिरवं, किती तापली ती निळी रेघ.

"हे पान दर घडीला एकेकीला हाक मारतंय, दादी," कुलदीप म्हणला. "हाईस का? तिची ओ आली की रेघ पुढं सरकते. ओ आली न्हाई की तितकी जागा कोरी राहते. कोरं दिसलं की मी फोन करायचा, बाबा तुमची मशीन बंद पडली."

मला अक्षर येत न्हाई, पण रेघ कळायला काय अक्षर लागतं? आमी अंगातल्या कांचळीवर सुईनं असेच डोंगर भरतो. मी पाहत बसायची. हट्ट्याची मशीन सकाळी लौकर जागी व्हायची. बाळापूरची बाजाराला लई तापायची. भाकर खाईपर्यंत पोरगं मला सगळ्यांच्या खोड्या सांगायचं.

"नावं कोणाची दिलीस?" मी एक दिवस विचारलं.

तो जरा दबकला. "कंपनीच्या साहेबानं सांगितलं, एक नाव एकाच मशिनीला, परत वापरायचं न्हाई. गावांची नावं तर सारखीच असतेत. जित्या माणसाची द्यावी, तर 'सोनाजी बंद पडला' म्हणलं की सोनाजीची बायको पायताण घेऊन येईल. म्हणून मंग भोगातली दिली. दादा दिवाळीला घेतेत ती. त्यांचं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?"

मला हसू आलं. मंग आलेलं हसू तितंच राहिलं.

"भोगातली सगळी?"

"सगळी."

"शेवटचं बी?"

त्यानं पानाच्या अगदी खाली बोट नेलं. तितं एक नाव होतं अन् त्याखाली निळी रेघ. "एक मशीन जादा आली होती," तो म्हणला. "नाव कमी पडलं."

३

उन्हाळा लागला. त्या सालांत लाईट जायची ती अर्धा दिवस यायची न्हाई. खोलीत बॅटरी होती, तिच्यावर पान चालायचं. पण गावोगावी बॅटरी कुठली? लाईट गेली की सगळ्यांच्या रेघा तुटायच्या. पानावर नुसती कोरी चित्रं.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी मी बसले होते अन् लाईट गेली. पंखा थांबला. खालच्या दुकानाचा आवाज एकदम जवळ आला. कुलदीप पाणी आणायला गेला होता. मी पाहून राहिले. पान आपोआप नवं झालं, रेघा तुटल्या. परत नवं झालं, सगळं कोरं.

खालची एक रेघ पुढं सरकली.

मला वाटलं डोळ्याचा धोका. पदरानं डोळे पुसले. परत पान नवं झालं. परत सरकली.

कुलदीप आला तसं मी विचारलं, "ही कोणत्या गावची? ह्यांच्याकडं लाईट काहून जात न्हाई?"

त्यानं पाहिलं. पाण्याची कळशी त्याच्या हातातच राहिली.

"ही कोणत्याच गावची न्हाई, दादी. जी जादा आली म्हणलं, ती ही." त्यानं पायानं टेबलाखालचं खोकं पुढं ओढलं. खोक्यावर चिकटपट्टी जशीच्या तशी. "लावलीच न्हाई अजून. मी नुसतं नाव टाकून ठेवलं होतं."

खरं सांगते, मला पहिला संशय पोराचाच आला. म्हणलं, म्हातारीची मजा करून राहिला. आजीला लेकाच्या नावाचं खेळणं दाखवून राहिला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की ते पोरगं रडकुंडीला आलं.

"तुझ्या गळ्याची आण, मला म्हाईत न्हाई."

४

माझ्यापेक्षा जास्ती संशय साहेबाला. हेच पान त्याला नांदेडात बी दिसायचं, तो तितून गाडी घेऊन आला. वसरामची जीप खाली उभी होती, म्हणून वसराम बी वर आला. मी तर होतेच.

"मशीन कुठं लावलीय सांग," साहेब म्हणला. "कोणाला दिली? भाड्यानं दिली का?"

"साहेब, खोक्यात हाय."

"खोक्यातली मशीन गरम होते काय रे? मला शिकवतो?"

वसराम म्हणला, "साहेब, खोकं फोडा ना. भांडण कशाला?"

फोडलं. आत मशीन होती, कोरी, प्लास्टिकच्या पिशवीत. वायर गुंडाळलेली, तिचा रबर सुद्धा निघाला नव्हता. साहेबानं तिच्यावरचा नंबर पाहिला, पडद्यावरचा पाहिला. परत मशिनीवरचा पाहिला. मंग रुमालानं मान पुसली.

"दुसरीकडून कुठून तरी उत्तर येत असेल," तो म्हणला. "ह्याच पत्त्यावर कोणीतरी बसलंय."

"कोण?" मी विचारलं.

"ते कळत नाही, मावशी. आपण हाक मारतो, तिकडून ओ येते. एवढंच."

त्यानं कुलदीपला ते नाव पुसायला लावलं. नावासंगं चित्र बी गेलं. आमी खाली जाऊन चहा प्यायलो. चहा पिऊन वर आलो तर नाव पानाच्या खाली होतं, अन् आमी खाली बसलो होतो तेवढ्या वेळाची रेघ बी होती. मधी कोरं काही नव्हतं.

"तू टाकलंस!" साहेब कुलदीपला म्हणला.

"तो आमच्यासंगं खाली होता," वसराम म्हणला.

साहेबानं मंग गाडीची किल्ली उचलली. जाताना एवढं म्हणला, की ह्यात पोराची लबाडी सापडली तर नोकरीवर पाणी सोडायचं.

५

मी आता बाजाराशिवाय बी जायला लागले. मिराबाई म्हणायची, "आत्याबाईला शिनिमा लागला."

आजचं चित्र मी पाहायची न्हाई. आठवड्याचं पाहायची. एक दिवस सपाट. दुसऱ्या दिवशी दिवस कलला की चढ, उभाच्या उभा. वर थरथरती रेघ, कातरल्यासारखी. मंग एकदम उतार. मंग एक दिवस सपाट. मंग परत चढ. महिन्याच्या चित्रात ते डोंगर ओळीनं उभे होते, कांचळीवर भरल्यासारखे.

मी माझ्या मनाला लई समजावलं. म्हणलं द्वारके, मशीन हाय. वारा लागंल, ऊन लागंल, कोण्या गावाला दिवसाआड लाईट येत असंल. कुलदीपला विचारलं तर त्यानं बी तेच सांगितलं. पण मी त्या तापाच्या उशाला बसलेली बाई हाय. चढ कवा लागतो, दात कवा थांबतात, घाम कवा सुटतो, ते मला दुसऱ्या कोणी सांगायचं काम न्हाई.

घरी येऊन हरिचंदला म्हणलं, "लेक जिता हाय."

तो बिडी ओढत होता. "कुठं?"

"ते म्हाईत न्हाई. पण जिता हाय, अन् अजून तापतो."

"पोराच्या डब्यात पाहून आलीस?"

"यंदा भोगात त्याचं नाव घ्यायचं न्हाई. जित्याला मेल्यांच्या पंगतीत बसवलंत तुमी. त्याच्या नावाचं खाल्लं कोणी, ते बी म्हाईत न्हाई."

ते शेवटचं माझ्या तोंडून कसं निघालं, मला बी कळलं न्हाई. हरिचंदनं बिडी विझवली. त्या दिवाळीला त्यानं नावं घेतली, संतोषचं सोडलं. निखारे बराच वेळ लाल होते. भडकले न्हाईत. नुसते आमच्याकडं पाहिल्यासारखे लाल.

६

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या होत्या. दुपारची वेळ. मी अंगणात मिरच्या पसरून राहिले होते. मिराबाई न्हाणीत भांडी घासत होती. कुत्रं ओसरीवर निजलं होतं, ते उठलं अन् न भुंकता माळाकडं निघून गेलं.

"याडी," कोणी म्हणलं, आमच्यात आईला हाक मारतात तसं.

संतोष उभा होता. तेच नाक, भुवईवर बैलाच्या शिंगाचा तोच वण. मी उठले ती मिरच्यांवरूनच गेले. त्याला धरलं, रडले. तांडा गोळा झाला. हरिचंद भुईवर बसून त्याच्या पायाला हात लावून पाहू लागला, लेकरू खरं हाय का म्हणून. पाय धुतल्यासारखे होते. माळावरून आला, अन् टाचेला धूळ न्हाई.

"कुठं होतास रं?" वसरामनं विचारलं.

"हितंच," तो म्हणला. "जवळच."

मिराबाई म्हणली, "जवळ होता अन् एवढी सालं चहाला आला न्हाई! भावजयीचा चहा एवढा वाईट?"

सगळे हसले. तो बी हसला. सगळ्यांच्या मागून.

माझ्या मनात मंग एकच होतं. मी दिवस पाहिला, की उद्या त्याच्या तापाची पाळी. गोधड्या उन्हात टाकल्या. दुसऱ्या दिवशी दिवस कलला तसा कपाळाला हात लावला. थंड होतं, माठाच्या बुडासारखं. परवा बी थंड. तेरवा बी.

"ताप कवा गेला तुझा?"

"कोणता ताप, याडी?"

७

तो आला अन् घराला बरकत आली. हे खोटं बोलायचं न्हाई. कोरड्या बोअरला पाणी लागलं. म्हशीला पारडी झाली. कुलदीपची नोकरी पक्की झाली, त्याच्या हाताखाली चार तालुक्यांच्या मशिनी दिल्या. वसरामनं स्वतःची जीप घेतली. मिराबाई दिराच्या ताटात तूप वाढायची अन् म्हणायची, "लक्ष्मीच आली ह्याच्या पायानं."

ताटातलं तो चिवडायचा. खायचा न्हाई. कोणी पाहत नसलं की ताट रिकामं व्हायचं, अन् ते कुत्रं तर तांड्यात परत आलं नव्हतं.

एका दुपारी मी लापशी केली. त्याला वाढली. त्यानं बोटानं चाखली.

"आज बराबर हाय, याडी. तू अन् बा भांडलात त्या दिवाळीला गूळ लई कमी होता."

मिराबाई भाकर थापत होती, तिनं ऐकलं न्हाई. मी ऐकलं. ती दिवाळी म्हंजे त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं ती. गूळ खरंच संपला होता. ती लापशी आमी कोणीच खाल्ली न्हाई. भांडणात तशीच सगळी निखाऱ्यावर गेली.

मी म्हणलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतं?" तो म्हणला, अन् माझ्याकडं पाहून हसला, लई मायेनं.

त्याच दिवशी चार वाजता मी सरपण ठेवायला आत गेले. तो चुलीपुढं वाकून बसला होता. तोंड उघडं, निखाऱ्याच्या अगदी जवळ. धूर त्याच्या तोंडात जात होता. मी सरपण घेऊन उभी राहिले, माझे हात भरून आले, तरी तो धूर बाहेर येईना.

मी तशीच वाट धरली अन् गोरेगाव गाठलं. जिना चढताना मनाला बजावत होते, रेघ बंद पडलेली असंल. लेक घरी आला, मंग तिकडून ओ कोण देईल?

कुलदीपनं मला पाहिलं अन् काही न विचारता पान खाली सरकवलं.

चढ लागला होता. थरथरून राहिला होता.

"काका आला त्या दिवशी बी तुटली न्हाई, दादी," पोरगं हळूच म्हणलं. "मी घरी बोललो न्हाई. काका मला रोज विचारतो, ती रेघ अजून हाय का म्हणून."

"तू काय सांगतोस?"

"न्हाई म्हणतो."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या पोरावर मी परत कधी संशय घेतला न्हाई.

८

दिवाळी आली. घर सारवलेलं, जीपला झेंडूचा हार, लापशीला तूप हातानं न मोजता घातलेलं. हरिचंदनं निखारे पुढं ओढले. सगळे भोवती बसलो. जो घरी आला होता, तो माझ्या समोर बसला.

हरिचंदनं बापाचं नाव घेतलं. आज्याचं घेतलं. चुलत्यांची घेतली. पळी खाली ठेवली.

"एक राहिलं," समोरून तो म्हणला.

"कोणाचं रं?" हरिचंदनं विचारलं.

"माझं."

वसराम हसला. "तू तर हितं बसलास, येड्या."

"मंग मी काय खाऊ?"

मिराबाईचं हसू अर्ध्यावर राहिलं. एवढ्या बारीक आवाजात बोलला तो, लेकरू मागतं तसा. हरिचंदचे डोळे भरले. म्हातारा माणूस, त्याला वाटलं पोराला वाईट वाटलं. त्यानं पळी उचलली. "घे बाबा, तुझ्या नावाचा बी घे..."

मी हरिचंदचं मनगट धरलं. लापशी सांडली, भुईवर.

"जित्याचं नाव घ्यायचं न्हाई," मी म्हणलं.

समोरच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. मंग त्यानं मान खाली घातली अन् भुईवरची लापशी बोटानं एका जागी गोळा करत बसला. खाल्ली न्हाई. कोणी नाव घेईल म्हणून वाट पाहत होता.

तवापासून दर दिवाळीला तो माझ्या समोरच बसतो, अन् मी हरिचंदचं मनगट धरून बसते. लोकांना वाटतं म्हातारा-म्हातारीची माया. मधल्या दिवसांत मी गोरेगावाला जाऊन येते. चढ असला की मी पदर तोंडाशी धरते, अन् उतार लागला की परतीची जीप पाहते. कुठं हाय, कोणाच्या ओसरीला निजतो, त्याला पाणी कोण देतं, मला काही म्हाईत न्हाई. ओ येते, एवढं म्हाईत हाय.

आता माझ्या हाताला कंप सुटलाय. परवा मिराबाई म्हणली, "आत्याबाई, यंदापासून भोगाचं मी पाहते. तुमी बसून राहा." चांगल्या मनानं म्हणली. तिला दीर लई आवडतो. चुलीजवळून तो बोलला, "व्हय याडी, आता भावजयीला करू दे."

कुलदीपला मी त्याच सांजेला खळ्यात नेलं अन् सगळं सांगितलं, जसं तुमाला सांगितलं. म्हणलं, "पुढं आईचं मनगट तू धरायचं. अन् पान बंद होऊ द्यायचं न्हाई." त्यानं माझ्या पायाला हात लावला.

असं हरिचंदच्या घराला सुख आलं. बोअरला पाणी हाय, दारात जीप हाय, म्हैस दुभती हाय, नातू पगारावर हाय. हरवलेला लेक चुलीजवळ बसलाय, अन् कालच्या बाजाराला बी त्याला ताप होता. देवानं असंच राहू द्यावं.